ग्रॅममागे नको, चौरस मीटरमागे सांगा

उन्हाचं कौतुक खान्देशात कुणाला सांगावं? मे महिन्यात जळगाव-भुसावळचा पारा पंचेचाळिशीला टेकतो. साक्री तालुक्यात महानिर्मितीचा १२५ मेगावॉटचा सौर प्रकल्प २०१३ पासून उभा आहे आणि नंदुरबारच्या पथारींवर ओली लाल मिरची याच उन्हात वाळते. तेव्हा 'ऊन आणि पाणी यांपासून थेट हायड्रोजन' असं कुणी म्हटलं की इथं कान टवकारले जाणारच. केंद्र सरकारनं जानेवारी २०२३ मध्ये राष्ट्रीय हरित हायड्रोजन अभियान मंजूर केलं, तेव्हापासून महाविद्यालयांच्या चर्चासत्रांत आणि त्यानंतरच्या चहाच्या घोळक्यात हा वाद हमखास निघतो. एक बाजू म्हणते, नवा संमिश्र पदार्थ तयार झाला, हायड्रोजनचा वेग चाळीस पटींनी वाढला, आता इंधन शेतकऱ्याच्या बांधावरच तयार होईल. दुसरी म्हणते, हे सगळे शोधनिबंध छापण्याचे उद्योग आहेत. सौर पॅनल घ्या, त्याला विजेनं पाणी फोडणारं यंत्र, म्हणजे इलेक्ट्रोलायझर, जोडा, हायड्रोजन तयार, या पुड्या सोडायच्या कशाला? दोन्ही बाजू तावातावानं बोलतात. चाळीस पट म्हणजे कशाच्या चाळीस पट, हे मात्र दोघींपैकी कुणीच विचारत नाही.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. प्रकाश-उत्प्रेरक म्हणजे उन्हाच्या जोरावर पाणी फोडणारा पदार्थ; संमिश्र पदार्थांनी तो सुधारण्याचं काम करण्याजोगं आहे, खान्देशातल्या प्रयोगशाळांनी ते करावं आणि त्यात सरकारी पैसाही जावा. पण त्या कामाचं यश आज ज्या मापानं सांगितलं जातं, म्हणजे 'उत्प्रेरकाच्या दर ग्रॅमला दर तासाला इतके मायक्रोमोल हायड्रोजन' (मायक्रोमोल हे वायूचे रेणू मोजण्याचं एकक), त्या मापानं मोजणं थांबवलं पाहिजे. बांधावरच्या इंधनाचं आश्वासन तर आज कुणीच कुणाला देऊ नये. वाद उत्प्रेरकाचा नाहीच, मापाचा आहे.

आधी मुळात अडतं कुठं ते पाहू. १९७२ मध्ये फुजिशिमा आणि होंडा या जपानी शास्त्रज्ञांनी दाखवलं, की टायटॅनिअम डायऑक्साइडच्या इलेक्ट्रोडवर अतिनील प्रकाश पाडला तर पाणी फुटतं. प्रकाशानं पदार्थातला इलेक्ट्रॉन वरच्या पातळीवर उडतो आणि त्याच्या जागी धन पोकळी उरते, जिला रसायनशास्त्रवाले 'होल' म्हणतात. इलेक्ट्रॉननं पाण्यातून हायड्रोजन काढायचा आणि होलनं ऑक्सिजन. कागदावर यासाठी १.२३ इलेक्ट्रॉन-व्होल्ट एवढी ऊर्जा पुरते. प्रत्यक्षात दोनच्या आसपास लागते. टायटॅनिअम डायऑक्साइडचा बँड गॅप, म्हणजे इलेक्ट्रॉनला वर उडवायला लागणारी किमान ऊर्जा, ३.२ आहे, म्हणून त्याला ३८८ नॅनोमीटरच्या खालचाच प्रकाश चालतो, आणि उन्हात असा प्रकाश जेमतेम चार-पाच टक्के असतो. कॅडमिअम सल्फाइडचा गॅप २.४, म्हणजे हिरव्यापर्यंतचा प्रकाश त्याला चालतो. पण त्याचे होल पाण्याऐवजी त्याच्याच सल्फाइडला खातात आणि पदार्थ विरघळत जातो. ग्रॅफिटिक कार्बन नायट्राइड २००९ पासून चर्चेत आहे. त्याचा गॅप २.७, तो स्वस्त आणि बिनधातूचा. पण त्यात इलेक्ट्रॉन आणि होल सुटे होताच पुन्हा एकमेकांना मिठी मारतात. पृष्ठभागावरच्या रासायनिक क्रियेला मायक्रोसेकंद ते मिलिसेकंद लागतात. ही मिठी बहुतेक वेळा त्याच्या कितीतरी आधी पडून गेलेली असते. एकही पदार्थ एकट्यानं पुरा पडत नाही, म्हणून दोन-तीन एकत्र आणायचे. संमिश्राची कल्पना एवढीच आहे.

पण एकत्र आणणं म्हणजे काय? ज्वारीचं पीठ एका वाटीत आणि उडदाचं दुसऱ्या वाटीत ठेवलं तर त्याला कुणी कळणा म्हणत नाही. दोन्ही धान्यं एकत्र दळावी लागतात, तेव्हा भाकरीच्या प्रत्येक घासात दोन्ही येतात. संमिश्र उत्प्रेरकाचं सगळं मर्म अशाच जोडात आहे. दोन पदार्थांच्या सीमेवर इलेक्ट्रॉन एका बाजूला आणि होल दुसऱ्या बाजूला ओढला जायला हवा, आणि ती सीमा नॅनोमीटरच्या अंतरावर, घट्ट लागलेली हवी. त्यातही जोड कोणत्या जातीचा हे महत्त्वाचं. साध्या जोडात इलेक्ट्रॉन खालच्या पातळीकडे घसरतो आणि होलही कमी जोराच्या जागी जातो. दोघं वेगळे तर होतात, पण दोघांचीही ताकद उतरते. झेड-जोडात कमी ताकदीचे इलेक्ट्रॉन आणि होल सीमेवर एकमेकांत संपतात आणि दोन्हीकडचे जोरकस तेवढे शिल्लक राहतात. शोधनिबंधांत झेड-जोडाचं चित्र सर्रास काढलेलं असतं. तो जोड खरोखर तसाच चालतो याचा पुरावा मात्र दर वेळी दिलेला नसतो, आणि हा आक्षेप टीकाकारांनी घ्यायला हवा होता. ते पॅनलच्या किमतीतच अडकून पडले.

प्रयोगशाळेतली कृती जवळून पाहिली तर कुठं काय बिघडतं ते दिसतं. मुशीत १० ग्रॅम युरिया घ्यायचा, झाकण लावायचं, मिनिटाला ५ अंश या गतीनं मफल भट्टी ५५० अंशांवर न्यायची आणि तिथं तीन-चार तास ठेवायची. भट्टीतून अमोनिया सुटतो, म्हणून ती धुराड्याखालीच हवी. हाती येते फिकट पिवळी भुकटी, बहुधा अर्ध्या ग्रॅमहून कमी. झाकण सैल राहिलं तर तीही उडून जाते. ही भुकटी पाण्यात अल्ट्रासोनिकनं तासभर सुटी करायची, त्यात कॅडमिअम ॲसिटेट घालून ढवळत ठेवायचं, मग सोडिअम सल्फाइडचं द्रावण थेंबाथेंबानं सोडायचं. घाईनं ओतलं तर कॅडमिअम सल्फाइडचे गोळे पाण्यातच वेगळे बनतात आणि कार्बन नायट्राइडवर बसतच नाहीत. प्रमाण चुकलं तर आणखी घोटाळा. सल्फाइड जास्त झालं की ते खालच्या पदार्थाचा प्रकाशच अडवतं. काही संमिश्रांत मिसळतात त्या ग्राफिनची, म्हणजे कार्बनच्या अतिपातळ पापुद्र्याची, तीच गत: एखाद्या टक्क्यापर्यंत ते इलेक्ट्रॉन वाहून नेतं, पुढं नुसती काजळी होते. म्हणून प्रत्येक संमिश्राचा आलेख आधी चढतो आणि मग उतरतो. त्याचा चढच दाखवून उतार झाकला असेल तर तो अर्धाच प्रयोग झाला. आणि दोन्ही भुकट्या खलात नुसत्या एकत्र करून त्यांचा वेग मोजला आहे का? ही तुलना नसेल तर 'जोडामुळं फायदा झाला' हे वाक्य लिहिण्याचा अधिकारच नाही.

आता त्या प्रसिद्ध मापाकडे येऊ. समजा एका संमिश्राचा वेग आहे दर ग्रॅमला दर तासाला १०,००० मायक्रोमोल. आकडा डोळे दिपवतो. प्रत्यक्षात कुपीत उत्प्रेरक असतो ५० मिलिग्रॅम. म्हणजे तासाला ५०० मायक्रोमोल, म्हणजे सुमारे १२ मिलिलिटर वायू, म्हणजे १ मिलिग्रॅम हायड्रोजन. किलोभर हायड्रोजन हवा असेल तर ती कुपी १० लाख तास चालवावी लागेल, रात्रंदिवस ११४ वर्षं. यावर उत्साही मंडळी म्हणतात, मग उत्प्रेरक वाढवा! ग्रॅमऐवजी किलो टाका. इथंच नंदुरबारची पथारी आठवावी. मूठभर मिरची पसरून ठेवली तर ती भराभर वाळते. म्हणून तिचा दर किलोमागचा वेग काढून कुणी पोतंभर मिरचीचा ढीग घालत नाही. ऊन ढिगाला नाही, जागेला मिळतं, हे पथारीवरच्या मजुराला पक्कं ठाऊक असतं. कुपीतही तेच. ५० मिलिग्रॅमनं प्रकाश बहुतेक शोषून घेतला असेल तर पुढचे ४५० मिलिग्रॅम अंधारात बसून राहतात. उलटा खेळ तर आणखी सोपा. याच पदार्थाचे १० मिलिग्रॅम घ्या, वायू समजा ३०० मायक्रोमोल निघाला, की आकडा झाला ३०,०००. पदार्थ तोच, दिवा तोच, वायू कमी झाला आणि बातमी तिप्पट मोठी झाली.

दुसरी गोम त्या कुपीतल्या पाण्यात आहे. ते बहुधा नुसतं पाणी नसतंच. त्यात दहा टक्के ट्रायइथॅनॉलअमाइन, नाहीतर मिथेनॉल, नाहीतर सोडिअम सल्फाइड-सल्फाइट घातलेलं असतं. ही रसायनं होलला गिळतात, ऑक्सिजन काढण्याची अवघड बाजू टळते आणि हायड्रोजनचा वेग फुगतो. प्रकाश-उत्प्रेरणात यांना बळी जाणारे घटक म्हणतात, आणि ते नाव योग्यच आहे. पण हा बळी येतो कुठून? सोडिअम सल्फाइड कारखान्यात सोडिअम सल्फेट कोळशासोबत तापवून करतात. ट्रायइथॅनॉलअमाइन होतं इथिलीन ऑक्साइड आणि अमोनियापासून, आणि अमोनियातला हायड्रोजन बहुतेक नैसर्गिक वायूतून काढलेला असतो. म्हणजे आधी वायूतून हायड्रोजन काढायचा, तो अमोनियात कोंबायचा, अमोनियाचं महागडं रसायन करायचं, ते कुपीत जाळायचं आणि निघालेल्या चिमूटभर हायड्रोजनला हरित म्हणायचं! अर्धी अभिक्रिया तपासण्यासाठी अशी चाचणी घेणं रास्त आहे, त्यात खोट नाही. तिला 'पाण्यापासून हायड्रोजन' म्हणणं ही खोट. केळीच्या खोडाचा रस हाच बळीचा घटक म्हणून वापरू, अशी एक सूचना आपल्याकडे नेहमी येते. तो रस हवेत तपकिरी पडतो आणि प्रकाश अडवतो; त्यातला सेंद्रिय भाग वापरायचाच असेल तर बायोगॅसची टाकी ते काम अंधारातही करते.

मग चांगलं माप कोणतं? उन्हातली जेवढी ऊर्जा एक चौरस मीटरवर पडली, त्यातली किती टक्के हायड्रोजनमध्ये उतरली, हे. साध्या पाण्यात, बळीशिवाय, हायड्रोजन आणि ऑक्सिजन दोनास एक या प्रमाणात निघत असताना. दोन मापांतली दरी किती असते याचं नमुनेदार उदाहरण जपानचंच आहे. २०२० मध्ये काझुनारी दोमेन या रसायनशास्त्रज्ञाच्या गटानं ॲल्युमिनिअम मिसळलेल्या स्ट्रॉन्शिअम टायटॅनेटवर काम केलं आणि ३५० ते ३६० नॅनोमीटरच्या प्रकाशात ९६ टक्क्यांपर्यंत क्वांटम कार्यक्षमता मिळवली. शंभर फोटॉनपैकी शहाण्णव कामी आले. याहून भारी काय हवं? त्याच उत्प्रेरकाची सौर कार्यक्षमता मात्र ०.६५ टक्के, कारण उन्हातला जवळपास सगळा प्रकाश त्याला दिसतच नाही. दोन्ही आकडे खरे आहेत आणि त्या गटानं दोन्ही छापले. आपल्याकडच्या बातमीत यातला कोणता आला असता, हे सांगायला ज्योतिषी नको. शिवाय तो उत्प्रेरकही एकट्या पदार्थाचा नाही. स्फटिकाच्या ज्या बाजूंना इलेक्ट्रॉन जमतात तिथं ऱ्होडिअम आणि त्यावर क्रोमिअम ऑक्साइडचं पातळ कवच, ज्या बाजूंना होल जमतात तिथं कोबाल्ट ऑक्सिहायड्रॉक्साइड. कवचाचं काम ऑक्सिजनला ऱ्होडिअमपासून लांब ठेवायचं, नाहीतर निघालेला हायड्रोजन तिथंच पुन्हा पाणी होतो. जोड नेमका बसला तर किती फरक पडतो, हे 'संमिश्रं म्हणजे पुड्या' म्हणणाऱ्यांनी इथं पाहावं.

आता विरोधकांचा सगळ्यात जड मुद्दा, आणि तो मी पूर्ण मान्य करतो. २०२१ मध्ये दोमेन यांच्याच गटानं उत्प्रेरकाचं १०० चौरस मीटरचं पॅनल उघड्यावर चालवून दाखवलं. सर्वोच्च कार्यक्षमता ०.७६ टक्के. खान्देशात चांगल्या दिवशी चौरस मीटरवर साडेपाच युनिट ऊन पडतं असं धरा. या कार्यक्षमतेनं चौरस मीटरमागे दिवसाला सव्वा ग्रॅमच्या आसपास हायड्रोजन येईल, म्हणजे दिवसाला एक किलोसाठी आठ गुंठे जमीन पॅनलखाली. एक किलो हायड्रोजनमधली ऊर्जा साधारण साडेतीन-पावणेचार लिटर पेट्रोलइतकी. उलट आजचं बाजारातलं २० टक्क्यांचं सौर पॅनल घ्या, तारा-धूळ-उष्णतेची घट वजा करा, किलोला ५५ युनिट खाणारा इलेक्ट्रोलायझर जोडा: चौरस मीटरमागे सोळा ग्रॅम. तोच किलो पाऊण गुंठ्याहून कमी पॅनलमध्ये. बारा-तेरा पटींचा हा फरक आहे, त्यात शब्दांचे खेळ चालत नाहीत. शिवाय इलेक्ट्रोलायझरमध्ये हायड्रोजन आणि ऑक्सिजन वेगवेगळ्या नळ्यांतून येतात. उत्प्रेरकाच्या पॅनलमध्ये ते मिसळून येतात, आणि हवेत ४ ते ७५ टक्क्यांपर्यंत कुठल्याही प्रमाणात पेटणाऱ्या वायूचं हे मिश्रण गाळण्या लावून वेगळं करावं लागतं. आज कुणा साखर कारखान्याला किंवा खत कंपनीला हायड्रोजन हवा असेल तर पॅनल आणि इलेक्ट्रोलायझर हेच उत्तर.

पण आज जे मागं आहे ते करूच नये, असं यातून निघतं का? १८८३ मध्ये न्यूयॉर्कमध्ये चार्ल्स फ्रिट्सनं सेलेनिअमवर सोन्याचा पातळ थर देऊन सौर घट केला. कार्यक्षमता एका टक्क्याच्या आसपास. सिलिकॉनचा सहा टक्क्यांचा घट यायला १९५४ उजाडलं. एकाहत्तर वर्षं. त्या काळातल्या एखाद्या हिशेबी माणसानं कोळशाच्या जनित्राशी तुलना करून सेलेनिअमचा नाद सोडा म्हटलं असतं, तर त्याचा हिशेब बरोबर आणि सल्ला चूक ठरला असता. मात्र या दाखल्यात एक लबाडी दडलेली आहे, आणि उत्साही मंडळी तिचाच फायदा घेतात. जे जिंकलं त्याचा इतिहास आपण सांगतो. हरलेल्यांचा सांगत नाही. मोगली एरंड आठवतो का? पडीक जमिनीवर, पाण्यावाचून, बायोडिझेलचं पीक येणार होतं. २००३ पासून त्याचा गाजावाजा झाला, २००९ च्या जैवइंधन धोरणानं २०१७ पर्यंत वीस टक्के मिश्रणाचं लक्ष्य ठेवलं, आणि डिझेलच्या बाबतीत ते कागदावरच राहिलं. चूक कुठं झाली? पाणी-खत देऊन जपलेल्या झाडांचं उत्पन्न घेतलं आणि त्याला पडीक एकरांनी गुणलं. कुपीतल्या ग्रॅमला शेतातल्या किलोनं गुणण्याची चूक आणि ही चूक सख्ख्या बहिणी आहेत.

मग हे काम सेलेनिअमच्या वाटेनं जाईल की मोगली एरंडाच्या, हे कशावरून ओळखायचं? यासाठी मला तिसरा दाखला सर्वांत उपयोगी वाटतो. फ्रिट्झ हाबर या जर्मन रसायनशास्त्रज्ञानं हवेतल्या नायट्रोजनपासून अमोनिया बनवला तो ऑस्मिअम या धातूवर. ते इतकं दुर्मीळ की कारखाना चालवणं अशक्य. बीएएसएफ या जर्मन रसायन कंपनीत आल्विन मिटाश यांनी १९१२ पर्यंत सुमारे २,५०० पदार्थांवर ६,५०० च्या आसपास चाचण्या घेतल्या. शुद्ध लोखंड चालेना, पण स्वीडनच्या खाणीतलं मॅग्नेटाइट हे लोहखनिज चाललं. का? त्यातल्या अशुद्धीमुळं. तिथून ॲल्युमिना आणि पोटॅश मिसळलेल्या लोखंडापर्यंत ते पोचले. संमिश्र उत्प्रेरकच तो, आणि शंभर वर्षांनंतरही अमोनियाचे कारखाने त्याच घराण्यातल्या उत्प्रेरकावर चालतात. शेतात पडणारा युरिया त्यातूनच येतो. मिटाश यांचं यश नुसत्या मेहनतीचं नव्हतं. सगळे पदार्थ एकाच पद्धतीनं, एकसारख्या छोट्या भट्ट्यांत, प्रत्यक्ष दाब आणि प्रत्यक्ष तापमानाखाली तपासले गेले. चाळीस पट सुधारणा कशाच्या तुलनेत, हा प्रश्नच तिथं उरत नव्हता. आपल्याकडं प्रत्येक प्रयोगशाळेचा दिवा वेगळा, फिल्टर वेगळा, कुपी वेगळी, आणि तुलना बहुधा स्वतःच्याच वाईट नमुन्याशी.

पैशाची ओरडही तपासून घ्यावी. हरित हायड्रोजन अभियानाच्या १९,७४४ कोटींपैकी १७,४९० कोटी इलेक्ट्रोलायझरचं उत्पादन आणि हरित हायड्रोजन यांच्या प्रोत्साहनासाठी आहेत. संशोधन-विकासाला आहेत ४०० कोटी, म्हणजे जेमतेम दोन टक्के, आणि त्यातही सगळं संशोधन आलं. 'प्रयोगशाळा पैसा खातात' म्हणणाऱ्यांनी हा अपूर्णांक एकदा मांडून पाहावा. आजच्या तंत्राला अठ्ठ्याऐंशी-एकोणनव्वद टक्के दिले आहेत. उद्याच्या तंत्राला दोन टक्केही जास्त वाटतात का?

'पण ते मोठ्या संस्थांनी करावं, जळगाव-धुळ्याच्या महाविद्यालयांनी कशाला?' हा पुढचा आक्षेप. इलेक्ट्रॉनची अतिवेगवान हालचाल टिपणारा फेम्टोसेकंद लेझर इथं नाही, हे खरं. पण मोठ्या संस्थांच्या वातानुकूलित खोल्यांत जे नाही ते इथं मुबलक आहे: पंचेचाळीस अंश, धूळ आणि जड पाणी. उष्णतेचंच घ्या. सिलिकॉनचं पॅनल २५ अंशांच्या वर दर अंशामागे ०.३५ ते ०.४ टक्के मार खातं. मे महिन्यात पॅनल सत्तरीला गेलं की सोळा ते अठरा टक्के उत्पन्न गळतं. उत्प्रेरकाचं उलट होऊ शकतं. २०२३ मध्ये मिशिगन विद्यापीठातल्या गटानं इंडिअम गॅलिअम नायट्राइडच्या उत्प्रेरकावर एकवटलेल्या प्रकाशात, पाणी ७० अंशांवर ठेवून, ९.२ टक्के कार्यक्षमता मिळवली. उघड्यावरच्या एकवटलेल्या उन्हात ६.२ टक्के. ती उष्णता त्या यशाचा भागच होती. महाग पदार्थ, भिंगाचा खटाटोप, सगळं मान्य. तरीही जो उन्हाळा पॅनलचा वैरी तो उत्प्रेरकाचा सोबती ठरतो का, हे तपासायला भुसावळच्या गच्चीहून चांगली जागा कुठली?

पाण्याचा आक्षेप मात्र चुकीचा मांडला जातो. 'यावल-रावेरच्या विहिरी आधीच खोल गेल्या, त्यात हायड्रोजनला पाणी कुठून?' असं विचारतात. एक किलो हायड्रोजनला रसायनशास्त्रानं ९ लिटर पाणी लागतं; आरओचं फेकलं जाणारं पाणी धरलं तरी वीस-पंचवीस लिटर. उन्हाळ्यात ठिबकवर केळीचं एक खोड दिवसाला पंधरा-वीस लिटर पितं, आणि पाच बाय पाच फुटांच्या लागवडीत एकरी सतराशेहून जास्त खोडं उभी असतात. पाणी किती हा प्रश्नच नाही. कसलं हा आहे. बोअरच्या पाण्यातले कॅल्शिअम-मॅग्नेशिअमचे क्षार जसे गीझरच्या कॉइलवर पांढरा थर धरतात तसे उत्प्रेरकावरही धरतात, आणि बायकार्बोनेट होलला मधेच अडवतं. डिस्टिल्ड पाण्यात उत्तम चालणारा पदार्थ इथल्या पाण्यात किती दिवस तग धरतो, ही माहिती छापलेल्या कागदांत क्वचितच मिळते.

एका बाबतीत मात्र मी विरोधकांहूनही कडक आहे: कॅडमिअम. कॅडमिअम सल्फाइडची संमिश्रं आकड्यांत छान दिसतात, म्हणून निबंधांत त्यांची गर्दी असते. शंभर चौरस मीटरवर चौरस मीटरला १० ग्रॅम या हिशेबानं एक किलो सल्फाइड पसरलं तर त्यात सुमारे ७८० ग्रॅम कॅडमिअम असेल. त्याचा फक्त एक टक्का झिरपला, तर पिण्याच्या पाण्याची भारतीय मर्यादा लिटरला ०.००३ मिलिग्रॅम धरून, २६ लाख लिटर पाणी त्या मर्यादेपर्यंत पोचतं. जपानच्या जिन्झू नदीकाठी खाणीतलं कॅडमिअम भातात उतरलं आणि हाडं ठिसूळ करणारा इताई-इताई रोग झाला. १९६८ मध्ये सरकारनं ते मान्य केलं. कॅडमिअमचा अभ्यास बंद कुपीत जोड समजून घेण्यापुरता असावा, शेतापर्यंतच्या वाटेवर नको. तिथं कार्बन नायट्राइड, टायटॅनेटं, बिस्मथ व्हॅनाडेट आणि प्लॅटिनमऐवजी निकेल किंवा मॉलिब्डेनमचे सल्फाइड यांच्यावर घाम गाळावा, मग आकडा लहान दिसला तरी चालेल.

टिकाऊपणाच्या चाचणीत बहुधा चार-पाच तासांच्या चार फेऱ्या घेतात. म्हणजे वीस तास; खान्देशातलं तीन दिवसांचं ऊन. त्यातही प्रत्येक फेरीआधी बळीचं रसायन ताजं घालतात. याऐवजी एक साधी मांडणी प्रत्येक महाविद्यालयाच्या गच्चीवर शक्य आहे. तीस बाय तीस सेंटिमीटरची काच, तिच्यावर सिलिकाच्या बाइंडरनं, म्हणजे चिकटवणाऱ्या पदार्थानं, बसवलेला उत्प्रेरक, वर पाण्याची पातळ फट, मग दुसरी काच. २१ अंशांचा उतार, तोंड दक्षिणेला. वायू उलट्या ब्युरेटमध्ये, म्हणजे खुणा केलेल्या मोजनळीत, घ्यायचा, साठवायचा नाही, मोजून सावलीत मोकळा सोडायचा. शेजारी ऊन मोजणारा पायरॅनोमीटर आणि तापमापी. सौर कार्यक्षमता ०.१ टक्का असली तरी कडक उन्हात तासाला तीस-पस्तीस मिलिलिटर हायड्रोजन निघतो. तो सहज मोजता येतो. वायूंचं मिश्रण वेगळं करून मोजणाऱ्या गॅस क्रोमॅटोग्राफमध्ये नमुना वाहून नेणारा वाहक वायू आर्गॉन हवा, कारण हेलिअमची उष्णतावहनाची क्षमता हायड्रोजनच्या जवळची असल्यानं डिटेक्टरला फरक नीट कळत नाही. सुरुवातीला हवा काढायलाही नायट्रोजनऐवजी आर्गॉनच वापरावा, म्हणजे नंतर नायट्रोजनचं टोक दिसलं की कुठंतरी गळती आहे हे लगेच कळतं.

आणि शेजारी दुसरं पॅनल लावावं: तीच काच, तोच बाइंडर, तेच पाणी, पण उत्प्रेरकाशिवाय. दुपारी बारा वाजता त्यातही बुडबुडे दिसतील. पाणी तापलं की त्यात विरघळलेली हवा बाहेर पडते, आणि ब्युरेटमधला वायू वीस अंशांच्या फरकानं सात टक्क्यांच्या आसपास फुगतो. मोबाइलवर फिरणाऱ्या 'उन्हात पाण्यातून हायड्रोजन' या चित्रफितीतले बुडबुडे यातले कोणते, हे रिकामं पॅनल शेजारी असल्याशिवाय सांगता येत नाही. दोन्हींच्या नोंदी रोज संध्याकाळी एकाच तापमानावर आणून लिहायच्या, एप्रिलपासून पावसाची पहिली सर येईपर्यंत. मग काच उघडून उत्प्रेरकाचं वजन घ्यायचं, आणि फटीतलं पाणी ओतून न देता त्यात कोणता धातू किती उतरला ते तपासायला पाठवायचं.